ड्युएट कॉन्सर्टिना नाशिकला आणताना आणि वाजवताना

घरात पेटी आहे, अभंग-भावगीतं बऱ्यापैकी वाजतात आणि कॉन्सर्टिना (दोन हातांत धरून, भाता उघडत-मिटत बटनांनी वाजवायचं छोटं वाद्य) शिकायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. पैसे भरण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमचा सा कोणता. तुम्ही काळी एकला गाता की पांढरी दोनला (पेटीच्या सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून मोजून), यावर कोणतं वाद्य घ्यायचं, किती बटनांचं घ्यायचं आणि त्यावर कोणते राग हाताखाली येतील, हे बरंचसं ठरतं. विकणारे हा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांच्याकडची गाणी त्यांच्या पट्टीतली असतात.

आधी जातींचा घोळ सोडवू. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी वीस बटनांची कॉन्सर्टिना बहुतेक वेळा अँग्लो असते. तिच्यात एकच बटन भाता उघडताना एक स्वर देतं आणि मिटताना दुसरा. इंग्लिश जातीत दोन्ही दिशांना स्वर तोच राहतो, पण सप्तक दोन हातांत वाटलेलं असतं; सा एका हातात, रे दुसऱ्या. ड्युएटमध्ये खालचे स्वर डाव्या हाताला आणि वरचे उजव्या हाताला असतात, मधले थोडे दोन्हीकडे मिळतात, आणि भाता कुठेही चाललेला असो, बटनाचा स्वर बदलत नाही. उजव्या हाताने चाल आणि डाव्याने आधार, ही पेटीवाल्याला हवीशी वाटणारी सोय फक्त ड्युएटमध्ये नीट मिळते.

कॉन्सर्टिना आली चार्ल्स व्हीटस्टनच्या १८२९ आणि १८४४ च्या पेटंटांतून. शाळेतल्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज त्याच्याच नावाचा. ड्युएटच्या बटनांची मांडणी मात्र एकच ठरली नाही. मॅकॅनची १८८४ ची, क्रेनची १८९६ ची (मुक्तिफौजेने हीच मांडणी ‘ट्रायम्फ’ या नावाने वापरली), आणि ब्रायन हेडनची १९८६ ची. हेडनच्या मांडणीसारखीच मांडणी कास्पर विकी यानेही १८९६ मध्ये नोंदवली होती. एका मांडणीवर बसलेली बोटं दुसरीवर चालत नाहीत, त्यामुळे ही निवड लग्नाआधीच्या पत्रिकेइतकी नीट पाहावी. मी हेडन घेतली आणि पेटीवाल्याने तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. कारण पुढे येईलच.

२०२३ च्या दिवाळीनंतर शोध सुरू केला. भारतात ही मांडणी विकणारं दुकान मला मिळालं नाही, म्हणून ब्रिटनमधून ४६ बटनांचं वापरलेलं वाद्य घेतलं. किंमत ७०० पाउंड. खरेदीआधी व्हिडिओ कॉलवर तपासणी करून घ्यावीच. विकणाऱ्याला प्रत्येक बटन दोन्ही दिशांना दाबून दाखवायला सांगा. प्रत्येक बटनामागे दोन रीड (हवेने थरथरून स्वर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, एक उघडताना वाजणारी आणि एक मिटताना. म्हणजे ४६ बटनांना ९२ रीड. दोघींचा सूर एकच हवा. समोर ट्यूनर ॲप ठेवा. पाच सेंटपर्यंतचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालतो, त्यापुढचा फरक कानाला खुपतो. मग भात्याची परीक्षा: एक बाजू हातात धरून वाद्य उभं लटकवायचं आणि एकही बटन दाबायचं नाही. भाता स्वतःच्या वजनाने अगदी सावकाश उतरला तर ठीक. धपकन उतरला तर कुठेतरी हवा गळते आहे. बटन न दाबता एखादा स्वर वाजत राहिला तर स्प्रिंग तुटलेली किंवा गादी (हवेचं भोक झाकणारी) सरकलेली असते. फुस्स आवाज आला तर गादी भोकावर नीट बसत नाही.

जुन्या वाद्याचा मोह होतोच. पण शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच कॉन्सर्टिना त्या काळच्या चढ्या सुरात लावलेल्या असतात. पांढरी सहा ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपास. तुमच्या पेटीबरोबर असं वाद्य कधीच जुळणार नाही, आणि सगळ्या रीड उतरवून घेण्याचा खर्च वाद्याच्या किमतीच्या तोलाचा होऊ शकतो. कासवाच्या कवचाच्या बाजू असलेलं वाद्य तर भारतात आणूच नका, वन्यजीव कायद्याचं लचांड मागे लागेल.

पैसे मी कार्डाने भरले. पाउंड साधारण १०५ रुपये धरला तर ७३,५०० रुपये झाले. त्यावर कार्डाचं परदेशी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीनएक हजार. ब्रिटनमध्ये पाहुण्या प्रवाशांना व्हॅट परत मिळण्याची सोय २०२१ पासून बंद आहे, तेव्हा नव्या वाद्याच्या दुकानी किमतीतला व्हॅट प्रवासी सामानातून आणून सुटेल अशी आशा धरू नये.

आता कस्टम. कुरिअरने मागवलं तर आधार-पॅनची केवायसी, बिलाची प्रत, वर्गीकरणावरून होणारा पत्रव्यवहार आणि शुल्क भरल्याशिवाय न हलणारं पार्सल, असा रस्ता आहे. परदेशी नातेवाईक येणार असेल तर प्रवासी सामानातून आणणं सोपं पडतं. माझ्या भाचीने फेब्रुवारी २०२४ मध्ये वाद्य मुंबईला आणलं. तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते: प्रौढ प्रवाशाला नेहमीच्या वापरातल्या वस्तू सोडून ५०,००० रुपयांपर्यंत सूट आणि त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क अधिक त्याच्या दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के. ७३,५०० वजा ५०,००० म्हणजे २३,५००. त्यावर शुल्क साधारण ९,०४८ रुपये. या सुटीत प्रवाशाच्या इतर भेटवस्तूही मोजल्या जातात, म्हणून चॉकलेटं आणि घड्याळं दुसऱ्या कोणाकडे द्यावीत. नवरा-बायको दोघं येत असले तरी दोघांची सूट एकत्र करून एका वस्तूला लावता येत नाही. आकडे बदलत राहतात. तिकीट काढण्याच्या आठवड्यात कस्टमच्या अधिकृत पानावर चालू मर्यादा पाहून घ्या.

विमानतळावर लाल मार्गाने (शुल्क लागणारं सामान असलेल्यांच्या) जायचं, बिल छापलेलं हातात ठेवायचं आणि पैसे भरल्याची पावती जन्मभर जपायची. कस्टमच्या ‘अतिथी’ ॲपवर आधीच घोषणा भरता येते. अधिकाऱ्याला वाद्याचं नाव माहीत असेलच असं नाही. ‘अकॉर्डियनसारखं, आतून पेटीसारखी रीड’ एवढं सांगितलं की गाडी पुढे सरकते. वाद्य हातसामानातच ठेवा. सुरक्षा तपासणीत यंत्राच्या पडद्यावर धातूच्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात, त्यामुळे वाद्याचं खोकं उघडायला सांगणार हे गृहीत धरा. उघडून दोन स्वर वाजवून दाखवले की काम होतं.

आता हाताखालची गोष्ट, आणि इथे थोडं थांबायला हवं.

हेडनच्या मांडणीत बटनांच्या आडव्या ओळी असतात. तळहाताजवळच्या ओळीत खालचे स्वर, बोटांच्या टोकांकडे वरचे. एका ओळीत डावीकडून उजवीकडे गेलं की प्रत्येक बटन एक पूर्ण स्वरांतर वर जातं. वरची ओळ अर्ध्या बटनाने सरकलेली असते: कोणत्याही बटनाच्या वर-उजवीकडे त्याचा पंचम आणि वर-डावीकडे त्याचा मध्यम. एक ओळ सोडून थेट वर त्याचंच तार सप्तक. त्यामुळे शुद्ध सप्तकाचा आकार असा होतो: खालच्या ओळीत सा रे ग, वरच्या ओळीत म प ध नी, आणि त्याच्या वरच्या ओळीत पुन्हा सा, पहिल्या साच्या अगदी डोक्यावर. खालच्या ओळीला तर्जनी, मधलं बोट, अनामिका. वरच्या ओळीला तर्जनीपासून करंगळीपर्यंत चारही बोटं. हा माझा हात आहे. काहीजण सा मधल्या बोटाने घेतात.

पेटीवर काळी-पांढरीची उंची बदलते म्हणून प्रत्येक पट्टीला बोटं नव्याने बसवावी लागतात. इथे सा कुठेही ठेवा, आकार तोच राहतो. भूपाचे सा रे ग आणि प ध असे पाच स्वर एका मुठीत मावतात, कारण प आणि ध बरोबर सा-रे आणि रे-ग यांच्या फटींवर बसलेले आहेत. यमनाचा तीव्र म गंधाराच्या लगेच उजवीकडे येतो. सा रे ग आणि तीव्र म एका ओळीत, प ध नी वर. खमाजचा कोमल नी तार साच्या डाव्या शेजारी, काफीचा कोमल ग मध्यमाच्या डाव्या शेजारी. कोमल रे मध्यमापासून डावीकडे दुसरं बटन, कोमल ध तार साच्या डावीकडे दुसरं.

पण बटनं संपतात, आणि कॅटलॉगमधली वाक्यं तिथेच अपुरी पडतात. माझ्या वाद्यात मधल्या ओळी सहा-सहा बटनांच्या आहेत. एका ओळीत काळी पाच, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी चार. दुसरीत काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक. बाराही स्वर आहेत, पण प्रत्येक स्वर एकाच जागी. सा कडेच्या जवळ नेला की आकाराचा एक तुकडा पलीकडच्या कडेला जाऊन पडतो. शुद्ध सप्तक अखंड मिळतं ते सहा पट्ट्यांत: काळी पाच, पांढरी चार, एक, पाच, दोन आणि सहा. यमन अखंड मिळतो काळी दोन, काळी पाच, पांढरी चार, एक, पाच, दोन या पट्ट्यांत. भूपाला आणखी मोकळीक आहे, तो पांढरी तीनलाही चालतो.

आपल्याकडे पुरुष गायक सर्रास काळी एक सांगतात. त्या पट्टीत या वाद्यावर शुद्ध सप्तक जागोजागी तुटतं आणि बोटं दोन्ही कडांना धावतात. उपाय एकच, गायकाला पांढरी एक किंवा पांढरी दोनला बसवायचं. भजनात अर्ध्या-एका स्वराने फारसं कोणाचं अडत नाही. मात्र भैरवी काळी एकला अगदी बिनतोड वाजते. भैरवीला लागणारे कोमल रे, ग, ध, नी तिथून मोजले की तेच स्वर येतात जे पांढरी सहाच्या शुद्ध सप्तकात आहेत, आणि ते सप्तक अखंड आहे. पेटीवर पांढरी तीनपासून फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर भैरवी काढणारे हे लगेच ओळखतील. तीच मूर्च्छना इथे बटनांच्या आकारात दिसते: शुद्ध सप्तकाचा आकार धरा आणि गंधाराला सा माना, भैरवी; रिषभाला सा माना, काफी; पंचमाला सा माना, खमाज; धैवताला सा माना, आसावरी. बोटं एकाच घरात राहतात, फक्त उंबरठा बदलतो.

भैरव या युक्तीत बसत नाही, त्याचा आकार रुंद आहे. या ४६ बटनांवर तो अखंड मिळतो तो फक्त पांढरी दोन आणि पांढरी सहाला. सकाळच्या भजनांत भैरवाच्या अंगाच्या चाली बऱ्याच असतात, म्हणून ज्याला काकड आरतीत वाजवायचं आहे त्याने पांढरी दोन पक्की करावी. ३४ बटनांची सुरुवातीची वाद्यं स्वस्त असतात, पण त्यांत बारापैकी काही स्वर मुळातच नसू शकतात. घेण्याआधी बटनांचा तक्ता मागवून वर सांगितल्याप्रमाणे आपला सा ठेवून पाहा. ५२ बटनांत कडा लांब सरकतात, किंमतही तशीच सरकते.

पहिले काही आठवडे बोटांपेक्षा भाता छळतो. पेटीत आत स्प्रिंगवर बसलेला दुसरा भाता हवा साठवतो आणि दाब सांभाळतो, म्हणून बाहेरचा हात थोडा अडखळला तरी सूर अडखळत नाही. कॉन्सर्टिनात असा साठा नाही. हाताचा प्रत्येक झटका थेट रीडवर जातो. दिशा बदलताना स्वर क्षणभर तुटतोच. तो तुकडा कुठे पाडायचा हे आधी ठरवावं लागतं. गाणारा जिथे श्वास घेतो तिथे बदला. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात एक आवर्तन उघडताना, एक मिटताना, आणि बदल समेच्या अलीकडच्या मात्रेवर, हा सराव मी आधी एकाच स्वरावर केला. ओळ संपण्याआधी भाता संपत असेल तर जोर जास्त लागतो आहे. उजव्या अंगठ्याखालचं हवेचं बटन दाबून आवाजाशिवाय भाता उघडता-मिटता येतो. एकही बटन न दाबता भाता ओढला तर सांधे आणि झडपा ताणल्या जातात, ते कटाक्षाने टाळा.

बसायला हात नसलेली खुर्ची. डावी बाजू डाव्या मांडीवर टेकवून स्थिर ठेवायची आणि उजवी हलवायची. दोन्ही बाजू हलवल्या तर चाल आणि भाता दोन्ही डळमळतात. भात्याखाली सुती फडकं ठेवा, नाहीतर घड्यांचे कोपरे कपड्यावर घासून झिजतात. बैठकीवर मांडी घालूनही जमतं, फक्त गुडघा थोडा उंच हवा. खाली पातळ उशी घ्या. हाताचा पट्टा इतका सैल ठेवा की बोटं सगळ्या ओळींपर्यंत पोचतील, आणि इतकाच घट्ट की उघडताना हाताची पाठ लगेच पट्ट्याला भिडेल. पट्टा सैल राहिला तर दिशा बदलताना मधे एक रिकामा धक्का बसतो, आणि तो दोष उगीचच भात्याच्या नावावर जातो.

डावा हात सुरू केला की नवा प्रश्न येतो: डावीकडच्या मोठ्या रीड उजव्या हाताची चाल गिळून टाकतात. दोन्ही हातांना भाता एकच, दाब एकच, त्यामुळे डावा हात हळू वाजवणं शक्यच नाही. तो फक्त कमी वाजवता येतो. कमी स्वर आणि कमी वेळ. तीन स्वरांचा कॉर्ड धरून ठेवण्याऐवजी सा आणि त्याच्या वर-उजवीकडचा प, एवढेच दोन, तेही मात्रेच्या अर्ध्या वेळात सोडून द्यायचे. दादऱ्यात पहिल्या मात्रेला खर्जातला सा एकटा, दुसरी-तिसरी मात्रा सा-प तुटक. चौथीला खर्जातला प, पाचवी-सहावी पुन्हा सा-प. केहरव्यात विषम मात्रांना एकेरी स्वर आणि सम मात्रांना जोडी. डाव्या हाताची मांडणी आरशातल्यासारखी उलटी नसते. तिथेही उजवीकडे स्वर चढतो, म्हणजे खालचा स्वर करंगळीकडे येतो. करंगळी कमजोर असते, तिला रोज सुटं चालवा.

कॉर्ड लावायचे असतील तर विचार करून. रागातल्या चालीखाली पाश्चात्त्य कॉर्ड ठेवला की वर्ज्य स्वर नकळत आत शिरतो. भूपाखाली म घेणारा कॉर्ड म्हणजे चालीचा खूनच. सा-प चा आधार निर्धास्त आहे. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तिथे सा-म. म तर साच्या वर-डावीकडेच आहे. भावगीतात आणि नाट्यगीताच्या सुगम अंगाच्या चालीत कॉर्ड शोभतात, तिथे हात मोकळा सोडा.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, आंदोलन (स्वर हळुवार झुलवणं) येत नाही. हे पेटीलाही येत नाही, आणि याच कारणांवरून पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंद होती. कणस्वर मात्र छान येतात, कारण बटनांचा प्रवास पेटीच्या पट्टीपेक्षा कमी आहे. आणि पेटीत नसलेली एक गोष्ट इथे मिळते: स्वर लागलेला असताना भात्याने तो फुगवता आणि विरवता येतो. अभंगातल्या ‘विठ्ठला’ची लांब हाक या वाद्यावर कशी उमलते ते ऐकण्यासारखं आहे.

मार्च उलटला की नाशिकचं ऊन वाद्यावर काम करू लागतं. कॉन्सर्टिनात रीड दोन पद्धतीने बसवतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक रीड पितळी चौकटीत, आणि चौकट लाकडी खाचेत दाबून बसवलेली. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की चौकट सैल होते आणि स्वर मरतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की चौकट आवळते, पट्टी अडकते. माझ्यासारख्या दुसऱ्या पद्धतीच्या वाद्यात अकॉर्डियनच्या रीड मेणाने चिकटवलेल्या असतात. त्यांना दमट हवेचा त्रास कमी, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मेण मऊ होऊन रीड सरकते. एप्रिल-मे महिन्यांत कॉलेज रोडवर गाडी लावून पाच मिनिटांत येतो म्हणून वाद्य मागच्या सीटवर ठेवू नका. घरातही कूलरच्या झोतात नको.

जूनपासून वाद्याच्या खोक्यात आर्द्रतामापक ठेवा. चारेकशे रुपयांत साधा डिजिटल मिळतो. आकडा ४० ते ६० टक्क्यांमध्ये राहिला तर बरं. ६५ च्या पुढे गेला की सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. वाद्य वाजवून झालं की लगेच खोकं बंद करू नये, थोडा वेळ बाहेर ठेवावं. झडपा पातळ कातडीच्या असतात, ओलीने त्यांच्या कडा वळतात, मग स्वर उशिरा लागतो किंवा दबतो. वाद्य नेहमी वाजवायच्या स्थितीत, म्हणजे बटनं दोन्ही बाजूंना राहतील असं ठेवा; एका बाजूवर उभं ठेवलं की अर्ध्या झडपा लोंबतात.

आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती. त्या सुमाराला पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पहिल्यांदा साथीला वाजवलं. पखवाज आणि टाळांपुढे कॉन्सर्टिनाचा आवाज टिकतो, कारण रीड पोलादी आणि स्वर टोकदार. पेटीबरोबर मात्र दोघांनी एकच चाल वाजवू नये. दोन्ही वाद्यं ४४० ला लावलेली असली तरी थोडा फरक राहतो आणि सूर लाटांसारखा हलतो. पेटीने चाल धरावी, कॉन्सर्टिनाने ओळींच्या मधल्या जागा भराव्यात. उभ्याने वाजवताना हिचा मोठा फायदा आहे: दिंडीत गळ्यात पेटी बांधून चालणाऱ्याला विचारा. उभं असताना मात्र भाता अधांतरी ठेवू नका. एक पाय पायरीवर ठेवून मांडीचा आधार घ्या, नाहीतर मनगटं भरून येतात.

श्रावणात एक स्वर करकरू लागला. करकर म्हणजे बहुतेक वेळा रीड आणि तिची चौकट यांच्यामधल्या फटीत कण. बाजूचे सहा स्क्रू काढायचे, पण एका पुठ्ठ्यावर षटकोन काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या कोपऱ्यात खोचून ठेवायचा. ते अदलाबदल झाले तर आटे खराब होतात. बटनांची चौकट उचलताना वाद्य आडवं धरा, नाहीतर बटनं निसटून पडतात. रीडच्या पट्टीखाली पातळ कागदाची चिंधी सरकवून हळूच ओढली की कण निघतो. फुंकर मारू नये, थुंकीची वाफ पोलादाला गंज देते. काही कमी किमतीच्या वाद्यांत बटन आणि तरफ यांना जोडणारी रबराची नळी वर्षांनी कडक होऊन चिरते आणि बटन आत बसून राहतं. तेवढ्याच जाडीची सिलिकॉनची नळी कापून घातली की काम होतं. स्क्रू परत आवळताना समोरासमोरचे कोपरे घ्या आणि जोर लावू नका, लाकूड फाटतं.

पेटीच्या कारागिराकडे काय न्यावं आणि काय नेऊ नये? गादी बदलणं, भात्याच्या कोपऱ्यावर पातळ चामडं चिकटवणं, झडप बसवणं ही कामं तो सहज करतो. मला त्याचे पाचशे रुपये पडले. चामडं पातळ मेंढीचं हवं, जाड लावलं तर घडी मिटत नाही. सूर लावायला मात्र देण्याआधी दहादा विचार करा. तत्त्व तेच आहे, टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण पेटीची रीड पितळी आणि रुंद, हिची पोलादी आणि अरुंद. पितळावर बसलेला हात पोलादावर जास्त घासून जातो. घासलेलं परत येत नाही. शिवाय रीड बाहेर काढून लावलेला सूर आत बसवल्यावर दोन-चार सेंट सरकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वाद्य बंद करून ट्यूनरवर पाहावं लागतं. एवढा धीर असलेला कारागीर मिळाला तर आधी क्वचित लागणाऱ्या एखाद्या स्वरावर काम करून घ्या, मग पुढचं.

शिकवणारं कोणी इथे मला मिळालं नाही, म्हणून एक पद्धत बसवली आणि ती चालली. बटनांचा तक्ता कागदावर काढून त्यावर इंग्रजी अक्षरांऐवजी सरगम लिहा, आणि सा लिहिलेला पारदर्शक कागद वर सरकवता येईल असा ठेवा. सा पांढरी एकवर, मग पाचवर, मग दोनवर. अलंकार आधी भूपाचे, मग यमनाचे, मग शुद्ध सप्तकाचे. भैरव सगळ्यांत शेवटी. तानपुरा ॲप चालू ठेवूनच वाजवा. डावा हात तिसऱ्या महिन्याआधी आणू नये, आणि आणला की चाल अगदी माहितीची घ्या, म्हणजे लक्ष भात्यावर राहील.

वाद्य, कार्डाचं शुल्क आणि कस्टम मिळून साधारण साडेपंच्याऐंशी हजार झाले, वर किरकोळ हजारभर. पुढे कधी सगळे सूर लावून घ्यायला वाद्य परदेशी न्यायचं झालं तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. त्यासाठी आणताना भरलेल्या शुल्काची पावती, बिल आणि वाद्यावरचा क्रमांक दिसेल असा फोटो लागतो, आणि काउंटरवर वेळ जातो, म्हणून तासभर आधी पोचा. क्रमांक बहुधा आत रीडच्या पाटावर असतो. घरी वाद्य उघडाल त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.